नवें सामान, दुकानाचें गोदाम आणि गिऱ्हाइकाचा हक्क

घरांत नवा पलंग किंवा नवें कपाट येणें हा मध्यम स्थितींतल्या कुटुंबांत अजूनहि एक लहानसा सोहळाच असतो. भाजीपाला रोज येतो, कापडचोपड सणासुदीला येतें. परंतु सागवानी पलंग आयुष्यांत एकदां, फार तर दोनदां घेतला जातो. त्यासाठीं कित्येक महिने पैसे बाजूला टाकलेले असतात, दहा दुकानें पायांखालीं घातलेलीं असतात, लांकूड खरें कीं वर नुसती पातळ फळी चिकटविलेली, यावर घरांत वाद झालेले असतात. एवढा खल करून माल ठरतो, किंमत ठरते, पैसे दिले जातात, आणि एका गोष्टीचा विचार करावयाचा तेवढा राहून जातो. हें सामान घरीं येणार केव्हां, कोणत्या वेळीं, कोणाच्या खर्चानें? आणि तें येईपर्यंत दुकानाच्या गोदामांत पडून राहिलें, तर त्या पडून राहण्याचें भाडें कोणाच्या माथीं? हा प्रश्न खरेदीच्या दिवशीं कोणाला सुचत नाहीं. तो सुचतो, तेव्हां हातांत बिल आलेलें असतें.

उदाहरणादाखल ठाण्याच्या एका कुटुंबाचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. घरांत तीनच माणसें. टपालखात्यांतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, त्यांची पत्नी आणि ऐंशी वर्षें ओलांडलेली त्यांची आई. आईचे गुडघे धरलेले. जमिनीवरच्या अंथरुणावरून उठतांना दोघांना हात द्यावा लागे. डॉक्टरांनीं बजावलें, 'यांना आतां जमिनीवर निजवूं नका.' तेव्हां आईसाठीं पलंग, आणि त्याबरोबरच पुष्कळ दिवस मनांत असलेलें कपाट व जेवणाचें टेबल, असें सामान श्रावणांत एका दुकानीं सांगितलें. एक लाख चाळीस हजार रुपये किंमत झाली. पेन्शनीवर राहणाऱ्या माणसाचा स्वभाव उधारीला भिणारा. त्यांनीं सगळी रक्कम एकदम देऊन टाकली. पावतीवर दुकानदारानें स्वतःच्या हातानें लिहिलें, 'गणेशचतुर्थीपूर्वीं घरपोंच.' पावतीच्या पाठीमागें मुंगीच्या पायांसारख्या अक्षरांत बारा-तेरा अटी छापलेल्या होत्या. त्या कोणी वाचल्या नाहींत. वाचावयाच्या तर चष्मा बदलावा लागला असता.

गणपति आले, दीड दिवसांचे गेले, पांच दिवसांचे गेले, अनंतचतुर्दशीहि होऊन गेली. सामानाचा पत्ता नाहीं. दुकानांत विचारलें म्हणजे उत्तर मिळे, 'पावसाळी हवेनें पॉलिश वाळत नाहीं, काका.' यांत खोटें कांहींच नव्हतें. दमट हवेंत पॉलिश वाळावयास वेळ लागतोच. मात्र श्रावणाच्या पाठोपाठ भाद्रपद येतो आणि दोन्ही महिन्यांत पाऊस असतो, हें दुकानदाराला श्रावणांत ठाऊक नव्हतें असें कांहीं म्हणतां येत नाहीं.

शेवटीं पितृपक्षाच्या तिसऱ्या दिवशीं दूरध्वनि आला, 'सामान तयार आहे, उद्यां पाठवितों.' गृहस्थ आनंदले. पण आईनें हात वर केला. 'अरे, पितरांच्या पंधरवड्यांत नवा पलंग घरांत आणूं नये. इतके महिने खालीं निजलें, आणखी बारा दिवसांनीं कांहीं बिघडत नाहीं. घटस्थापनेला आण.' जिच्यासाठीं पलंग तिचाच हा हट्ट; त्यापुढें कोणाचें चालणार? गृहस्थांनीं दुकानदाराला तसें कळविलें. त्यानें 'बरें' म्हटलें आणि फोन ठेवला. भाड्याचा शब्दहि काढला नाहीं.

घटस्थापना उजाडली, पण टेम्पो आला नाहीं. नवरात्राची गर्दी, गाडी मोकळी नाहीं, असें सांगण्यांत आलें. सहाव्या दिवशीं निरोप आला, 'उद्यां सकाळीं दहा ते एकच्या दरम्यान माणसें येतील.' घरांतून होकार गेला. आणि दुसऱ्या दिवशीं नेमका भाचा मोटार घेऊन पहांटेच दारांत उभा. 'मामा, वज्रेश्वरीचें दर्शन करून दहाच्या आंत परत येऊं.' तीर्थाला गेलेला माणूस सांगितल्या वेळीं परत आल्याचें कोणाच्या ऐकण्यांत आहे काय? मंडळी दोन वाजतां परतलीं. टेम्पो अकराला येऊन, अर्धा तास थांबून, शेजाऱ्यांपाशीं निरोप ठेवून निघून गेला होता. पुढची तारीख मिळाली ती दसऱ्यानंतरची. आणि नवव्या दिवशीं दुकानांतून कागद आला. दसऱ्यापर्यंतचें पंधरा दिवसांचें गोदामभाडें, दररोज २०० रुपयांप्रमाणें ३,००० रुपये. टेम्पोच्या फुकट गेलेल्या खेपेचे १,८०० रुपये. एकूण ४,८०० रुपये. खालीं एक ओळ, 'ही रक्कम भरल्याखेरीज सामान निघणार नाहीं.' आधार कसला? तर पावतीच्या पाठीमागची अट. माल तयार असल्याची सूचना मिळाल्यापासून सात दिवसांत तो न नेल्यास दररोज २०० रुपये.

आतां, या बिलांत खरें किती आणि फुगवटा किती? रागाच्या भरांत पुष्कळ लोक दोहोंपैकीं एक टोंक गांठतात. कोणी म्हणतो, एक पैहि देणार नाहीं. कोणी कटकट नको म्हणून मुकाट्यानें सगळी रक्कम भरतो. कायद्याचें उत्तर या दोहोंच्या मध्यें कोठेंतरी आहे.

भारतांत मालाच्या विक्रीचा कायदा १९३० सालचा. त्या वर्षाच्या १ जुलैपासून तो चालू आहे. त्यापूर्वीं हा विषय १८७२ च्या कराराच्या कायद्यांतच एका प्रकरणांत होता. तो तेथून काढून स्वतंत्र केला, तेव्हां नमुना म्हणून इंग्लंडांतला १८९३ चा कायदा पुढें होता. तो मॅकेन्झी चामर्स या कायदेपंडितानें रचलेला. घोडे, गहूं, कापूस आणि आगबोटी यांच्या व्यापाराला लावलेले ते नियम ठाण्याच्या जेवणाच्या टेबलालाहि तसेच लागू पडतात, ही मोठी गंमतीची गोष्ट आहे.

गोदामभाड्याचें मूळ या कायद्याच्या ४४ व्या कलमांत सांपडतें. विकणारा माल देण्यास तयार आहे, त्यानें गिऱ्हाइकाला 'माल घ्या' असें कळविलें आहे, आणि तरीहि गिऱ्हाइकानें वाजवी मुदतींत माल घेतला नाहीं, तर त्यामुळें विकणाऱ्याचें जें नुकसान होईल तें, आणि माल सांभाळल्याबद्दल वाजवी खर्च, गिऱ्हाइकानें द्यावा, असें तें कलम सांगतें. म्हणजे गोदामभाडें ही दुकानदारांनीं काढलेली नवी युक्ति नव्हे. रेल्वेच्या मालधक्क्यावर पडून राहिलेल्या मालाला वार्फेज भरावें लागतें हें सर्वांना माहीत आहे. त्यांतलाच हा प्रकार. दुकानदारालाहि गोदामाचें भाडें, रखवालदाराचा पगार, वाळवीची भीति हें सगळें असतें. लग्नाचे मुहूर्त पुढें गेले, फ्लॅटचा ताबा लांबला, म्हणून चार-चार महिने दुसऱ्याच्या गोदामाला स्वतःची माडी समजणारीं गिऱ्हाइकेंहि थोडीं नसतात.

परंतु त्याच कलमांत 'वाजवी' हा शब्द दोनदां आला आहे, आणि सगळी खुबी त्या शब्दांत आहे. शिवाय भाडें चढावयास आरंभ होण्यापूर्वीं विकणारा खरोखर तयार असावा लागतो. नुसतें 'माल तयार आहे' म्हणणें म्हणजे तयारी नव्हे. घरपोंच देण्याचा करार असेल तर माल, गाडी आणि माणसें, तिन्हीं तयार पाहिजेत. घटस्थापनेपासून सहा दिवस या कुटुंबानें दार उघडें ठेवलें होतें आणि दुकानदाराजवळ गाडी नव्हती. त्या सहा दिवसांत माल कोणाच्या सोयीसाठीं गोदामांत राहिला? गिऱ्हाइकाच्या खास नव्हे. तेव्हां ते सहा दिवस बिलांतून सरळ वजा.

पितृपक्षाचे पांच दिवस थोडे अवघड आहेत. नव्या वस्तु त्या पंधरवड्यांत न आणण्याची रूढि महाराष्ट्रांत घरोघर आहे; परंतु एका पक्षाची रूढि दुसऱ्या पक्षाच्या खर्चानें पाळतां येत नाहीं. सामान पितृपक्षांतच यावयाचें ठरलें असतें आणि मग घरच्यांनीं नको म्हटलें असतें, तर त्या दिवसांचें भाडें देणें त्यांना भागच होतें. येथें गोष्ट निराळी आहे. करार गणेशचतुर्थीपूर्वींचा. तो पाळला असता तर पलंग पितृपक्षापूर्वींच आईच्या खोलींत लागला असता आणि हा प्रश्न उद्भवलाच नसता. स्वतःच्या उशिरानें जी अडचण निर्माण झाली, तिचें भाडें दुकानदारानें मागणें हें शोभत नाहीं. त्यांत पुन्हा, घटस्थापनेचा दिवस त्यानें 'बरें' म्हणून मान्य केला होता.

राहिले नवरात्राच्या सातव्या दिवसापासून दसऱ्यापर्यंतचे चार दिवस आणि फुकट गेलेली खेप. येथें मात्र दुकानदाराचें म्हणणें खरें आहे. कायद्याच्या ३६ व्या कलमांत असें आहे कीं, माल देऊं करणें किंवा मागणें हें वाजवी वेळीं झालें पाहिजे, नाहीं तर तें केल्यासारखें धरलें जात नाहीं. रात्रीं दहा वाजतां टेम्पो दारांत आणून 'आम्ही आलों होतों' म्हणणाऱ्या दुकानदाराला हें कलम उत्तर देतें. पण सकाळीं अकरा ही वेळ वाजवी नव्हे असें कोण म्हणेल? वेळ आधीं सांगितली होती, होकार दिला होता, माणसें आलीं होतीं. वज्रेश्वरीला जाणें पुण्यकारक असलें तरी त्या पुण्याचा खर्च हमालांनीं सोसावा असें नाहीं. चार दिवसांचे ८०० आणि खेपेचे १,८०० मिळून २,६०० रुपये घराकडे निघतात. ४,८०० कोठें आणि २,६०० कोठें!

भाड्याच्या दराविषयींहि चार शब्द सांगणें अवश्य आहे. अट छापली म्हणून कितीहि आकडा चालतो असें नाहीं. पलंग सुटा करून ठेवला, तर हें सगळें सामान चाळीसएक चौरस फुटांत मावतें. दररोज २०० म्हणजे महिन्याला ६,००० रुपये. चौरस फुटाला १५० रुपये पडले. भिवंडीच्या गोदामांत जागेचा दर याच्या कितीतरी खालीं असतो. कराराच्या कायद्याचें ७४ वें कलम असें सांगतें कीं, करार मोडल्याबद्दल एखादी रक्कम आधींच लिहून ठेवली असली, तरी न्यायालय त्या रकमेच्या मर्यादेंत वाजवी भरपाईच देववील. छापलेला आकडा ही वरची मर्यादा झाली. तो आपोआप मिळणारा हक्क नव्हे. शिवाय पावतीच्या पाठीमागची अट गिऱ्हाइकाच्या नजरेस नीट आणून दिली होती कीं नाहीं, हाहि प्रश्न विचारला जातो. सही घेतली असेल तर 'वाचलें नव्हतें' ही सबब चालणें कठीण. म्हणून सही करतांना चष्मा बदलण्याचा आळस करूं नये.

याहून गंभीर ती कागदावरची शेवटची ओळ: पैसे भरल्याखेरीज सामान निघणार नाहीं. जमिनीवर निजणारी वृद्ध आई डोळ्यांपुढें असल्यावर ही ओळ माणसाला नमवते. दुकानदाराला असा हक्क आहे काय? मालाची किंमत पुरी मिळाली नसेल, तर माल अडवून ठेवण्याचा हक्क १९३० चा कायदा विकणाऱ्याला देतो. पण तो किंमतीपुरता. येथें किंमत श्रावणांतच चुकती झाली होती. केवळ सांभाळण्याच्या खर्चासाठीं माल अडविण्याचा सर्वसाधारण हक्क कायद्यांत दिसत नाहीं. कराराच्या कायद्याचें १७० वें कलम दुसऱ्याची वस्तु जवळ ठेवणाऱ्याला ती अडविण्याचा हक्क देतें. परंतु त्यानें त्या वस्तूवर मेहनत किंवा कसब खर्च केलेलें असेल तरच. सोनारानें पैलू पाडलेला हिरा किंवा शिंप्यानें शिवलेला कोट मजुरी मिळेपर्यंत ठेवून घेतां येतो. नुसती राखण केल्याबद्दल तसें करतां येत नाहीं. त्यापुढच्या १७१ व्या कलमांत पेढीवाले, अडते, धक्केवाले, उच्च न्यायालयाचे ॲटर्नी आणि विम्याचे दलाल यांना सर्वसाधारण हक्क दिला आहे. फर्निचरवाल्यांचें नांव त्यांत नाहीं. तसा स्पष्ट करार झाला असेल तर गोष्ट वेगळी.

इंग्लंडांत १८६० सालीं हा वाद एका जहाजावरून हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला होता. दुरुस्तीचे पैसे मिळेपर्यंत जहाज गोदींत अडवून ठेवण्याचा दुरुस्ती करणाऱ्यांना हक्क होता. पण त्यांनीं त्या दिवसांचें गोदीभाडेंहि मागितलें. निकाल असा झाला कीं, अडवून ठेवलें तें त्यांनीं स्वतःच्या फायद्यासाठीं. स्वतःच्या फायद्याचें भाडें दुसऱ्याकडून घेतां येत नाहीं. त्या निकालाचा गाभा फर्निचरच्या दुकानालाहि लावण्याजोगा आहे. गिऱ्हाईक 'माल द्या' म्हणत असतांना दुकानदारानें बिलासाठीं माल रोखला, तर रोखल्या दिवसापासून पुढचें भाडें मागण्यांत जोर राहत नाहीं. अशा वेळीं शहाणा गिऱ्हाईक काय करतो? तो मान्य असलेली रक्कम भरतो, वादाची रक्कम 'हरकत नोंदवून' भरतो किंवा लेखी नाकारतो, आणि माल ताब्यांत घेण्यास तयार असल्याचें तारीख घालून कळवितो. तोंडचें बोलणें वाऱ्यावर जातें.

गोदामांत असतांना मालाची नासधूस झाली तर काय? २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उपनगरांतले तळमजले छातीइतक्या पाण्यांत बुडाले. अशा दिवशीं कोणाचें पैसे भरलेलें कपाट गोदामांत फुगून गेलें, तर नुकसान कोणाचें? सामान्य नियम असा कीं, मालकी ज्याची धोका त्याचा. आणि तयार माल निवडून पैसे दिले कीं मालकी पुष्कळदां दुकानांतच गिऱ्हाइकाकडे जाते. हें ऐकून अनेकांना धक्का बसेल. परंतु २६ व्या कलमाला एक जोड आहे. ज्याच्या चुकीमुळें माल पोंचण्यास उशीर झाला, त्या चुकीमुळें जें नुकसान एरव्हीं कदाचित् झालें नसतें, तें त्याच्या माथीं. तेव्हां उशीर कोणाचा हा प्रश्न केवळ दोनशे रुपयांचा नसतो; कधीं सबंध कपाटाचा असतो. इंग्लंडांत २०१५ च्या ग्राहक कायद्यानें हा घोळच मिटविला. माल प्रत्यक्ष हातीं पडेपर्यंत धोका विकणाऱ्याचा, आणि दुसरें कांहीं ठरलें नसेल तर तीस दिवसांच्या आंत माल पोंचलाच पाहिजे, असें तेथें आहे. आपल्याकडे इतका सोपा नियम झाला तर बरें होईल.

उशिरां आलेला माल घेतांना एक बारकावा लक्षांत ठेवण्यासारखा आहे. ज्या करारांत वेळेला खरोखर महत्त्व आहे, उदाहरणार्थ लग्नाच्या रुखवतांत मांडावयाचें सामान, त्यांत वेळ टळल्यावर गिऱ्हाइकाला करार रद्द करतां येतो. पण तो रद्द न करतां त्यानें उशिरां आलेला माल मुकाट्यानें घेतला, तर मागाहून उशिराबद्दल भरपाई मागतां येत नाहीं. घेतेवेळींच 'भरपाईचा हक्क राखून घेत आहें' असें कळवावें लागतें. हें कराराच्या कायद्याच्या ५५ व्या कलमांत आहे. लग्नघाईंत हें कोणाला आठवणार, हा प्रश्न रास्त आहे. तरी घरांतल्या एखाद्या मुंजाबानें आठवण ठेवावी.

आणखी एक गैरसमज असा कीं, दुकानांत घेतलेला माल घरीं पोंचविणें हें दुकानदाराचें कर्तव्यच आहे. तसें नाहीं. कांहीं ठरलें नसेल तर विक्रीच्या वेळीं माल जेथें असेल तीच तो देण्याची जागा. म्हणजे दुकान. म्हणूनच 'घरपोंच' हा शब्द पावतीवर असणें फार मोलाचें आहे, आणि नुसता तो शब्दहि पुरत नाहीं. घर म्हणजे इमारतीचें फाटक कीं तिसऱ्या मजल्याचा उंबरा? हमाल टेम्पोतून पलंग उतरवितात, जिन्याकडे पाहतात, आणि म्हणतात, 'मजल्याचे वेगळे पडतील.' त्यांच्यावर रागावण्यांत अर्थ नाहीं. पाठीवर कपाट घेऊन जिना चढणाऱ्याला त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे, आणि अशा अंगमेहनतीच्या कामगारांसाठीं महाराष्ट्रानें १९६९ सालीं माथाडी कायदा केला तो उगाच नव्हे. प्रश्न एवढाच कीं तो मोबदला कोणी द्यावयाचा, हें आधीं ठरलें होतें काय? पलंग जोडून देणें, सोसायटीच्या वेळा, लिफ्टची रुंदी यांविषयींहि खरेदीच्या दिवशीं दोन ओळी लिहून घेतल्या तर उंबऱ्यावरची हुज्जत वांचते. कपाट जिन्याच्या वळणावर अडकलें म्हणजे त्याची मापें काढण्यास फार उशीर झालेला असतो.

घरबसल्या संगणकावरून किंवा मोबाईलवरून सामान मागविणाऱ्यांसाठीं २०२० सालचे ई-कॉमर्सचे नियम आहेत. त्यांप्रमाणें पोंचविण्याचा व हाताळणीचा खर्च एकूण किंमतींत फोड करून दाखवावा लागतो. सांगितलेल्या मुदतीनंतर माल आला, तर तो परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास विकणाऱ्याला नकार देतां येत नाहीं. अस्मानी-सुलतानी कारणानें उशीर झाला असेल तेवढा अपवाद. कंपनी स्वतः मागणी रद्द करते तेव्हां तसाच आकार सोसत नसेल, तर गिऱ्हाइकानें मागणी रद्द केली म्हणून तिनें त्याच्याकडून आकार घेऊं नये, असेंहि त्यांत आहे. तक्रार पोंचल्याची नोंद ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरांत व्हावयास पाहिजे.

समजुतीनें मिटलें नाहीं तर पुढचा मार्ग ग्राहक संरक्षण कायद्याचा. पहिला कायदा १९८६ चा. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अंमलांत आला. महाराष्ट्रांत ग्राहकांची चळवळ त्याच्याहि आधींची. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करीत आहे. १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय मदतवाहिनीवर तक्रार सांगितली कीं पुष्कळदां दुकानदाराकडे चौकशी जाते आणि तेवढ्यावरच काम भागतें. न भागल्यास जिल्हा आयोग. किंमत पांच लाखांपर्यंत असेल तर फी नाहीं. वकील दिलाच पाहिजे असें नाहीं. आणि तक्रार गिऱ्हाइकाला आपल्या राहत्या जिल्ह्यांत करतां येते. मात्र ती दोन वर्षांच्या आंत केली पाहिजे. नव्या कायद्यांत 'अन्याय्य करार' अशीहि एक कल्पना आहे. नुकसानीच्या मानानें भलताच मोठा दंड, किंवा गिऱ्हाइकाला अडचणींत टाकणारा गैरवाजवी आकार, हीं त्याचीं लक्षणें. छापील अटच रद्द करून घ्यावयाची असेल तर मात्र जिल्हा आयोगाकडे न जातां राज्य आयोगाकडे जावें लागतें. दोनशे रुपयांच्या अटीसाठीं तेवढी पायपीट कितीजण करतील, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांच्या मनांत आला नसावा.

ठाण्याच्या गृहस्थांवर ती वेळ आली नाहीं, आणि याचें श्रेय त्यांच्या पत्नीला. भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत दुधाचा रतीब, गॅसची टाकी, कामवालीच्या रजा यांच्या नोंदी करण्याची त्यांना संवय होती. त्याच चौकोनांत दुकानदाराचे सगळे दूरध्वनीहि बारीक अक्षरांत उतरले होते: कोणत्या तारखेला, कोण बोललें, काय ठरलें. 'अहो, भांडण करूं नका, हें पान घेऊन जा,' असें म्हणून त्यांनीं दोन महिन्यांचीं पानें फाडून दिलीं. दुकानांत गृहस्थांनीं तीं गल्ल्यावर पसरलीं. दुकानदारानें प्रथम कपाळाला आंठ्या घातल्या, मग बोट फिरवीत एकेक चौकोन वाचला. पितृपक्षाचे पांच दिवस त्यानें थोडी कुरकुर करून सोडले. घटस्थापनेनंतरचे सहा दिवस न बोलतां. 'आणि सातव्या माळेचें काय, काका? आमचीं माणसें परत आलीं तें खरें ना?' गृहस्थांनीं खिशांतून २,६०० रुपये मोजून काढले. दराविषयीं बोलावयाचें त्यांच्या मनांत होतें. पण चार दिवसांसाठीं कोठें हुज्जत घालावी, म्हणून त्यांनीं तो विषय काढला नाहीं. पावतीवर मात्र 'गोदामभाडें, दिवस चार' असें स्पष्ट लिहून घेतलें.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं टेम्पो आला. पलंग जोडून होईपर्यंत आई खुर्चीवर बसून एकेक खिळा मोजीत होती. कपाटाच्या खालच्या खणाची एक कडी कमी निघाली. माणसानें पुढें केलेल्या चिठीवर 'माल सुस्थितींत मिळाला' असें छापलें होतें. बाईंनीं त्याखालीं 'कडी एक कमी' असें लिहिलें आणि मग सही केली. चार दिवसांनीं दुकानाचा सुतार कडी घेऊन आला, तेव्हां आई दुपारची पलंगावर पडली होती. ठोकण्याच्या आवाजानेंहि ती जागी झाली नाहीं.